आत्याचं इंग्रजी आणि आतला मास्तर

आमच्या आत्याच्या हिंदीत नामांना लिंग नसतं, असतो तो फक्त दरारा. दादरच्या फुलबाजारात ती फुलवाल्याला सुनावते, "कल का झेंडू आज का बोलके देता है क्या? मेरे को क्या नया समझा?" फुलवाला मुकाट्याने भाव उतरवतो. व्याकरण चुकलं म्हणून त्याने आजवर झेंडू परत मागितलेला नाही.

हीच आत्या नातवाच्या शाळेत पालकसभेला गेली की मिठाची गुळणी धरते. कारण तिथे इंग्रजी. पाचवीपासून इंग्रजी आणि घरी तर्खडकरांची इंग्रजी पाठमाला, अशा तयारीची ही पिढी. आधी मनात वाक्य जुळवायचं, काळ तपासायचा, 'द' लावायचा, काढायचा. तोवर बाई तीन विषय पुढे. मग नुसतं 'येस, येस' म्हणायचं आणि घरी आल्यावर कळायचं, की आपण स्नेहसंमेलनाला चाळीस पुरणपोळ्या कबूल केल्या.

स्टीफन क्रॅशन नावाचे अमेरिकन भाषातज्ज्ञ म्हणतात, धास्ती आणि संकोच असला की कानावर पडलेली भाषा आत पोचतच नाही. उपाय? नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने एक करून पाहिला. नुकतंच डच शिकलेल्या 50 जर्मन भाषकांपैकी काहींना थोडी दारू पाजली, बाकीच्यांना पाणी, आणि सगळ्यांना डचमध्ये बोलायला लावलं. कोण काय प्यायलंय हे ठाऊक नसलेल्या डच परीक्षकांनी दारूवाल्यांचे उच्चार सरस ठरवले. 2025 मध्ये या संशोधनाला इग नोबेल हे गमतीदार संशोधनासाठीचं पारितोषिक मिळालं, तेही शांततेचं! (मराठी मुलखात असल्या प्रयोगातून शांतता निघाल्याचं ऐकिवात नाही.)

मला मात्र त्यातली दुसरी नोंद जास्त पटली. पिणाऱ्यांनी स्वतःला दिलेले गुण काही वाढले नाहीत. परीक्षक खूश, पण आतला मास्तर लाल शाई सोडायला तयार नाही.

आत्याच्या हिंदीत हा मास्तर कधी शिरलाच नाही. हिंदी चुकलं तर फक्त हिंदी चुकतं. इंग्रजी चुकलं की आपली शाळा, आपलं गाव, आपले आईवडील, सगळेच चुकलेले ठरतात. एवढं ओझं घेऊन कुणाची जीभ वळेल?

हा प्रयोग मी कौतुकाने आत्याच्या यजमानांना सांगितला. इंग्रजीशी उभ्या जन्मात देणंघेणं नसलेला हा माणूस एकदम सावरून बसला. "रोज संध्याकाळी थोडा स्पोकन इंग्लिशचा सराव करावा म्हणतो."

"नो! नॉट इन माय हाऊस!" आतून आत्या कडाडली. काळ न तपासता.