आधी उरू द्या

घरगुती कलाकुसरीला सध्या बरे दिवस आले आहेत, आणि म्हणूनच तिची काळजी वाटते. शाळेने 'टाकाऊतून टिकाऊ'चा प्रकल्प दिला की आदल्या रात्री पालक कोल्ड्रिंकची मोठी बाटली विकत आणतात, ती घाईघाईने सगळ्यांना पाजतात, मग रिकाम्या बाटलीवर बाटलीच्या कितीतरी पट किमतीचे रंग, चमकी आणि टिकल्या चढवतात. तयार होते ती फुलं ठेवताच आडवी पडणारी फुलदाणी. शाळेत गुण मिळाले की ती कचऱ्यात जाते, आणि टाकाऊचा प्रवास टाकाऊपाशीच संपतो. माझं म्हणणं एवढंच, की ज्या वस्तूची सुरुवात दुकानात होते, ती घरी केली तरी घरगुती नव्हे. घरचं शिवण असो, कलाकुसर असो की स्वयंपाक, त्यातल्या अस्सल गोष्टी काहीतरी उरल्याशिवाय होतच नाहीत.

गोधडी घ्या. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. नवं असताना ते खळीमुळे कडक असतं. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन खळ जाते, सूत मऊ पडतं, आणि लुगडं नेसण्याच्या लायकीचं उरत नाही तेव्हा कुठे पांघरण्याच्या लायकीचं होतं. खाली-वर लुगडी, मध्ये जुनी धोतरं आणि चादरी, आणि सगळ्यांतून आरपार धावदोरा. नव्या कोऱ्या कापडात हा मऊपणा आणायचा तर ते आधी कुणीतरी दहा वर्षं नेसायला हवं, आणि तशी माणसं भाड्याने मिळत नाहीत. फोडणीच्या भाताचंही तेच. ताज्या, वाफाळत्या भाताला फोडणी दिली तर मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता सगळं वेळेवर पडूनही हाती लागतो पिवळा गोळा. भात थंड होऊन राहिला की त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि शितं सुटी होतात. हे काम रात्र करते, आणि तिला घाई करता येत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापं घराघरांत पोचवली. पण रात्रीचा भात किती उरणार, हे माप कुठलंच पुस्तक सांगू शकत नाही. ते जेवणारे ठरवतात. लोणी कढवल्यावर तळाशी राहणाऱ्या बेरीसाठी मुलं भांडतात, पण निव्वळ बेरीसाठी कुणी लोणी कढवल्याचं ऐकिवात नाही. शिंप्यालाही हे कळतं. जाणता शिंपी ब्लाउजच्या आत इंचभर माया ठेवतो, कारण गिऱ्हाइकांचे वजन कमी करण्याचे संकल्प त्याने पुष्कळ ऐकलेले असतात. तयार कपड्यात ही माया नावापुरतीच असते. सैल करायला उसवावं, तर शिवणीबरोबर कापडही संपतं.

यावर पहिला आक्षेप असा, की हे गरिबीचं कौतुक झालं. उरलंसुरलं वापरणं हा नाइलाज. परवडत असताना तो कशाला? नाइलाज होता हे खरंच. ब्रिटनमध्ये १९४१ साली कपड्यांवर रेशनिंग आलं आणि १९४३ मध्ये तिथल्या सरकारला 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढून जुने कपडे दुरुस्त करायला शिकवावं लागलं. पण नाइलाज संपल्यावरही एखादी गोष्ट टिकली, तर तिला आवड म्हणावं लागेल. आज कशाचीच ददात नसलेल्या घरांतही रात्री चार पोळ्या जास्त लाटल्या जातात, सकाळच्या फोडणीच्या पोळीसाठी. मग हे ठरवून उरवणं झालं, असं कुणी म्हणेल. झालं, पण त्यासाठी दुकानात जावं लागलं नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सिरिअस नावाचा जिवाणू वाढू शकतो, आणि त्याचं एक विष फोडणीच्या आचेलाही दाद देत नाही. हा आक्षेप बिनशर्त मान्य. उरलेला भात वेळेवर फ्रिजमध्ये जावा. परंपरेचा अभिमान हे काही पोटदुखीवरचं औषध नव्हे.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. 'घरच्या घरी फुकटात झालं' असं म्हणताना घरातल्या बाईचे तास कुणी मोजलेले नसतात. गोधडीचं कापड फुकट असेल, पण तिच्यातला प्रत्येक टाका कुणाच्या तरी दुपारच्या झोपेतून आलेला असतो. या जुन्या थकबाकीचा हिशेब चुकता करणं आता शक्य नाही. ती वाढू न देणं शक्य आहे. टाका घालायला लागणारी बोटं पुरुषांनाही जन्मतः दहाच मिळतात, आणि सुईत दोरा न जाणं हा चष्म्याचा प्रश्न आहे, पुरुषार्थाचा नाही.

तेव्हा येत्या सुटीत काही घरगुती करण्याची हुक्की आलीच, तर क्राफ्टच्या दुकानाकडे वळू नका. कपाटातला बटण तुटलेला शर्ट बाहेर काढा, आणि तो ज्याचा आहे त्याच्याच हातात सुई द्या.