दोन भोपळ्यांचे नाना

नानांना एखादी विद्या शिकायची असली की ते आधी तिचं सामान आणतात, आणि तेही त्या विद्येतल्या सर्वांत थोर माणसाला शोभेल असं. फोटोग्राफी शिकायची ठरली तेव्हा अभयारण्यातले वाघ टिपायची लेन्स आली. तिच्यातून त्यांनी समोरच्या बिल्डिंगमधली वाळत घातलेली लुंगी इतकी स्पष्ट टिपली की लुंगीचे मालक आजही नानांशी बोलत नाहीत. गिर्यारोहणाच्या वेळी बर्फात चालायचे बूट आले. ते घालून नाना पर्वती चढले. निवृत्तीनंतर पाळी सतारीची आली.

क्लासमध्ये नाव घालण्याआधीच नाना घराण्यांच्या पेचात सापडले. रविशंकरांच्या वळणाची सतार घ्यावी, म्हणजे खर्जाची जाड तार असलेली आणि दांडीच्या वरच्या टोकाला दुसरा भोपळा लावलेली. की विलायत खाँसाहेबांच्या वळणाची, जिच्यातून खर्ज वजा करून गंधार-पंचमाला जागा दिलेली असते? रात्र-रात्र त्यांना झोप येईना. "माझा पिंड आलापीचा," ते म्हणत, "मंद्रात उतरल्याशिवाय मला समाधान नाही." गणपतीच्या आरतीला घरचे ज्यांच्या हातात आवर्जून घंटा देतात आणि "तुम्ही तेवढं हेच बघा" म्हणतात, ते हे नाना.

सतार घ्यायची तर मिरजेहून, यावर मात्र दुमत नव्हतं. कोयना एक्स्प्रेसमध्ये त्यांनी सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला इतिहास सांगितला. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून हे हात तंतुवाद्यांकडे वळले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. साताऱ्याला समोरचे गृहस्थ उतरले. त्यांचं तिकीट सांगलीचं होतं, असं मला नंतर आठवलं.

सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे टांगलेले होते. खाली बसून एक म्हातारे कारागीर घोडीवर कानस फिरवत होते. एकदा घासायची, तार छेडून ऐकायची, पुन्हा किंचित घासायची. तारेचा झणकार त्या घोडीच्या उतारावर ठरतो. "जवारी काढताहेत," नाना माझ्या कानात म्हणाले, पण कारागिरांना ऐकू जाईल असं.

"कुणासाठी पायजे?"

"माझ्यासाठीच."

"किती वर्सं वाजवताय, साहेब?"

"सोमवारी नाव घालतोय."

म्हाताऱ्याने कानस खाली ठेवली. "हात बघू." नानांनी मोठ्या उत्सुकतेने उजवा तळहात पुढे केला, भविष्य सांगतील असं त्यांना वाटलं असावं. "डावा." म्हाताऱ्याने पहिल्या दोन बोटांची टोकं दाबून पाहिली. तिथे घट्टा नव्हता. निम्म्या आयुष्याच्या सरकारी नोकरीचासुद्धा नव्हता. मग विचारलं, "मांडी घालून किती वेळ बसता?" गुडघ्यांचा विषय निघाल्यावर नाना रविशंकरांकडे वळले.

म्हाताऱ्याने एक सतार पुढ्यात ठेवली. एकच भोपळा, हलकी, नक्षी नाही, खाली झणकारणाऱ्या तरफाही नाहीत. पडद्यांवर एकेक करून बोट ठेवून कुठे तार खरखरत नाही ना ते दाखवलं, खुंट्या पिळून त्या मागे सरकत नाहीत ते दाखवलं. मग बाजाची तार पडद्यावर आडवी ओढून एका जागेवरूनच चार स्वर काढले. "मिंड. ओढून बघा." नानांनी सगळा जीव एकवटला. अर्धा स्वरही वर चढला नाही. बोटावर लाल रेघ मात्र उमटली. म्हातारा हसला नाही. इतकं सौजन्य मी कुठल्याच दुकानात पाहिलं नाही.

"ही न्या. तरफदार घेतली तर मुख्य सात तारा आन वर तेरा तरफा, समद्या रागापरमानं लावाव्या लागत्यात. कान तयार नसंल तर लावण्यातच सांज सरती. वाजवनार कवा?"

"म्हणजे मी जन्मभर शिकाऊच राहणार, असं धरून चालायचं?" नाना दुखावले.

"तसं न्हवं, साहेब. हात बसला की आना, बदलून देतो."

नानांनी दोन भोपळ्यांची घेतली. तूनचं लाकूड, दांडीभर वेलबुट्टी, शेंड्याला मोर. म्हाताऱ्याने ती मनापासून लावून दिली. त्यांच्या दुकानात असे नाना काही पहिल्यांदा आले नसणार.

म्हाताऱ्याचं म्हणणं घरी अक्षरशः खरं झालं. सहाला नाना बैठक मारतात आणि पहिली तरफ लावतात. सातवी लागेपर्यंत पहिली उतरलेली असते. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकल्या, हिवाळ्यात सैल झाल्या, मग खडू लावून बसवल्या. आठ वाजता काकू जेवायला हाक मारतात आणि नाना समाधानाने उठतात, "आज जवळजवळ यमन लागला होता." वरच्या भोपळ्याने तोल जातो, म्हणून ते डाव्या हाताने दांडी गच्च धरतात. खरं तर दांडीचा भार उजव्या कोपराने आणि मांडीने पेलायचा, डावा हात मोकळा पळायला हवा. पण हा हात सतार पाडू नये एवढ्याच कामावर नेमलेला आहे.

क्लासमध्ये मात्र सगळं सुरळीत चाललंय. नाना तिथली मुलांची साधी सतार घेऊन भूपाचे पाच स्वर घासतात आणि नानांची सतार गुरुजींच्या मांडीवर असते. "जरा दाखवतो," म्हणून ते घेतात आणि तास संपेपर्यंत दाखवतात. मिरजेची ती जवारी, त्या तेरा तरफा, सगळ्या एकदम जाग्या होतात. नाना डोळे मिटून मान हलवतात. आपली निवड अचूक ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नाही.

परवा तास संपल्यावर त्यांनी बोटाला चिकटपट्टी लावत निदान सांगितलं, "गुरुजी, सतार माझ्या हाताला लहान पडते. माझा पिंड मंद्राचा. सुरबहार बघावा म्हणतो."

गुरुजींनी सतारीवरची नजर न काढता विचारलं, "कधी निघायचं, नाना?"