याले काईच होत नाही!

ऑगस्ट उजाडला की आमच्या रामाकोना गावात देशभक्तीला भरती येते. रानात पऱ्हाटी पाती-फुलांवर आलेली असते आणि बाजारात दोरीवर ओळीनं झेंडे लटकलेले. झेंडा चिमटीत धरला की बोटांना कळतं, हा कापूस नव्हे. चुरगाळा, सुरकुती पडत नाही. भिजवा, पाणी धरत नाही. दुकानदार छाती फुगवून सांगतो, "भाऊ, याले काईच होत नाही!" खरंच आहे. जे व्हायचं ते कापूसवाल्याचं होतं.

सगळं कायदेशीर आहे बरं का. पूर्वी झेंडा हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या खादीचाच लागे. 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहिता बदलली. आता यंत्रावरचा चालतो, पॉलिस्टरचाही चालतो. 1923 साली शेजारच्या नागपुरात चरख्याचा झेंडा घेऊन रस्त्यानं निघालेली माणसं तुरुंगात गेली. 22 जुलै 1947 ला चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं, पण चरखा निदान कापडात तरी उरला होता. आता तिथूनही त्याची उचलबांगडी झाली.

खरी गंमत सोळा ऑगस्टला. संहिता सांगते, फाटका झेंडा एकांतात, सन्मानानं, शक्यतो जाळून नष्ट करावा. खादी बिचारी मुकाट्यानं राख होते. हे पॉलिस्टर जाळून बघा! ते आक्रसतं, वितळतं, थेंबाथेंबानं गळतं. काळा धूर आणि नाकात झोंबणारा वास. केशरी, पांढरा, हिरवा मिळून शेवटी एकच काळा गोळा. राष्ट्रीय एकात्मतेचा इतका झटपट प्रयोग शाळेच्या स्नेहसंमेलनातही होत नाही. गोळा गार झाला की गोट्यासारखा टणक. टाकू नका, पोळा तोंडावर असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसावर झेंडा चढतो आणि त्याच्यासाठी दोन्ही काठांवरून गोटमार होते. तिथे हा गोळा खपून जाईल. झेंड्यासाठी झेंडाच फेकून मारल्याचं पुण्यही पदरात!

झेंड्यापायी डोकी फोडून घेणारी आपली जात. पण झेंडा कशाचा, हे विचारायला कुणाची जीभ उचलत नाही. दिवाळीच्या सुमारास आपला कापूस विकायला न्या. व्यापारी मूठभर उचलतो, दाबतो, तोंड वाकडं करतो. "ओलावा आहे." झाला भाव कमी! आणि देशाचं रूप म्हणून जे कापड आपण खांबावर चढवतो, त्यात आपल्या रानातला एक धागा नाही. वर सलामी द्यायला पहिल्या रांगेत आपणच. अहो, शंभर पॉलिस्टरचे लावण्यापेक्षा गावात एक सुताचा लावा. महाग पडतो म्हणता? पडू द्या. कापूसवाला स्वस्तात मरतो, तेव्हा कोण दर विचारायला येतं?