अर्धी शिशी

अर्नाळ्यात राहणाऱ्या माणसानं ‘मला अर्धशिशी आहे’ असं चारचौघांत सांगू नये. ऐकणारा आधी आजूबाजूला बघतो, मग आवाज खाली आणून विचारतो, ‘आणि उरलेली अर्धी?’ त्याचाही दोष नाही. सोमवारी सकाळी आमच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांखाली, ज्या शिश्या सापडतात त्या पाहता प्रश्न अनुभवातूनच आलेला असतो. मूळ शब्द अर्धशीर्ष, म्हणजे अर्धं डोकं. ग्रीकांनी त्याला अर्धी कवटी म्हटलं, आणि त्या ‘हेमिक्रेनिया’ची झीज होत होत मायग्रेन झाली. आयुर्वेदात हाच अर्धावभेदक. एवढ्या लोकांचं अर्ध्यावर एकमत झालं, पण माझ्या वाट्याला दर वेळी डावंच अर्धं का, हे कुणीही लिहून ठेवलेलं नाही.

मला पश्चिम रेल्वेचा संशय आहे. सकाळी विरारहून निघालेली चर्चगेट लोकल दक्षिणेला तोंड करून धावते, ऊन डावीकडून. संध्याकाळी ती उत्तरेला तोंड करून परत येते. ऊन पुन्हा डावीकडूनच. उजवीकडची खिडकी मिळावी म्हणून मी नऊ वर्षं झटतोय. आजवर मिळाली ती बहुतेकदा पावसाळ्यात.

पहिला झटका आला तो या डाव्या खिडकीतच. भाईंदर सुटलं, गाडी खाडीपुलावर चढली, पाण्यावरचं तिरपं ऊन डोळ्यांत घुसलं आणि समोरच्या माणसाचं नाक नाहीसं झालं. मिशी होती, चष्मा होता, मध्ये काही नाही. मग त्या रिकाम्या जागी एक ठिपका लुकलुकायला लागला, वाढला, आणि त्याच्या कडेला वाकडीतिकडी, करवतीसारखी, चमचमणारी तटबंदी उभी राहिली. नायगाव गेलं, वसई गेली, तट रुंदावतच होता. विरारला उतरेपर्यंत तो नजरेच्या कडेला जाऊन विझला आणि हायसं वाटलं. अर्नाळ्याच्या बसमध्ये बसलो आणि डाव्या भुवईत कुणीतरी पहार घातली.

तटबंदी हा माझा शब्द नाही. ह्युबर्ट एअरी नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८७० साली स्वतःच्या डोळ्यांपुढचं हेच दृश्य रंगवून ठेवलं. त्याला त्यात कोनाकोनाच्या बुरुजांचं तटबंद शहर दिसलं. त्याच्या खगोलशास्त्रज्ञ वडिलांनाही असंच दिसायचं. हे वाचल्यावर माझी छाती फुगली. किल्ल्याच्या गावचा माणूस मी, मला किल्ला दिसणारच! दुसऱ्या दिवशी मुद्दाम किनाऱ्यावर जाऊन समोरच्या बेटावरचा आमचा किल्ला नीट पाहिला. बुरूज गोल. माझ्या डोळ्यांतले टोकदार. टोकदार बुरूज असतात ते वसईला, पोर्तुगिजांचे! म्हणजे दर पंधरवड्याला माझ्या डोक्यात फिरंगी ठाण मांडतात. चिमाजीअप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात त्यांना वसईतून हुसकावलं, त्यातले काही इकडे निसटले असावेत. डोळ्यांतला किल्ला वीस-पंचवीस मिनिटांत पडतो हे खरं; पण पुढचा वेढा चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही चालतो.

या वेढ्यात मदतीला अख्खा गाव धावून येतो. सूर्योदयापूर्वी दुधात जिलबी, हा उपाय मला इतक्या जणांनी सांगितला की तेवढ्या जिलब्या खाल्ल्या असत्या तर अर्धशिशीऐवजी पूर्ण मधुमेह झाला असता. नाकात तूप झालं, सुंठेचा लेप झाला. शेजारच्या काकूंनी एकदा मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढून मिरच्या माझ्याच खोलीच्या दारात जाळल्या. धुरानं मी ठसकलो, तशा त्या समाधानानं म्हणाल्या, ‘बघ, किती लागली होती!’

खरी अडचण अशी, की हे दुखणं दिसत नाही. पाय मोडला तर प्लास्टर दाखवता येतं. डोकं दुखतंय हे कारण आजवर लोकांनी लग्नं, सभा आणि सासुरवाडी चुकवण्यासाठी इतकं वापरलंय, की खरं दुखणाऱ्यासाठी काही शिल्लकच ठेवलेलं नाही. त्यात पलीकडच्या रिसॉर्टवर डीजे, अलीकडच्या आळीत हळद, म्हणजे तिथेही डीजे. वारा फिरला की कोळीवाड्यातून बांबूंवर टांगलेल्या बोंबलांचा वास येतो. एरवी त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटतं. झटक्याच्या दिवशी मात्र जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं लटकलेल्या त्या बोंबलांचा मला हेवा वाटतो. उन्हात तोंड उघडं टाकून पडले आहेत आणि कुणी त्यांना जिलबी सांगत नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही ठेवायला सांगितली: कधी दुखलं, त्याआधी काय खाल्लं, किती झोपलो. उपाशी राहू नका, म्हणाले. महिन्यातले दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या खात राहिलात तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागेल, हेही म्हणाले. असा सौदा मी आयुष्यात ऐकला नव्हता. मग त्यांनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाला? बायकांमध्ये हे पुरुषांच्या तिपटीनं आढळतं.’

मी ठामपणे ‘नाही’ म्हणालो. बसमध्ये आठवलं: डोक्याला फडकं करकचून बांधून, खिडकीचं एक दार लोटून, चुलीपुढे भाकऱ्या थापणारी आई. महिन्यातून दोन-तीनदा तरी. आम्ही त्याला ‘आज आईचं फडकं आहे’ म्हणायचो आणि जेवून खेळायला जायचो.

घरी येऊन तिला विचारलं. म्हणाली, ‘छे रे, मला कुठली आलीय अर्धशिशी? माझं नुसतं डोकं दुखायचं.’

आता एकादशीला डॉक्टरांचा हुकूम म्हणून ती मला सकाळी आठलाच गरम भात-आमटी वाढते. स्वतः उपास धरते. दुपारी आतल्या खोलीचं एक दार लोटलेलं असतं.