नवी फ्रेमवर्क घरा आली

वेब डेव्हलपरच्या घरी पहिल्या फ्रेमवर्कची हळद उतरायच्या आत दुसरी उंबरठ्यावर माप ओलांडायला हजर असते. २०१० साली आलेली अँग्युलरजेएस लोकांनी घोकून पाठ केली; २०१६ मध्ये पुढची अँग्युलर आली ती नाव जवळपास तेच ठेवून आणि आतलं सगळं बदलून. तोवर रिअ‍ॅक्टचा बोलबाला झालेला. तिच्या क्लास कंपोनंटवर हात बसतोय तोच २०१९ मध्ये त्यांच्या जागी वापरायला हुक्स आले.

आमच्या वीरांचा शिरस्ता मात्र ठरलेला. सेलमध्ये कोर्स घ्यायचा, व्हिडिओ दीडपट वेगाने पळवायचा, शेवटी टू-डू लिस्टचं अ‍ॅप करायचं (त्या यादीत ‘जावास्क्रिप्ट नीट शिकणे’ कायम बाकी!) आणि रेझ्युमेत एक ओळ वाढवायची. मग मुलाखतीत कुणी विचारतं, ‘फॉर्म सबमिट केला की ब्राउझर सर्व्हरला नेमकं काय पाठवतो?’ आणि बोबडी वळते. एचटीटीपी आणि १९९५ची जावास्क्रिप्ट अजून जागच्या जागी आहेत, पण त्यांचं सर्टिफिकेट मिरवता येत नाही ना!

तेव्हा मंडळी, पुढचा सेल लागण्याआधी एक साधा फॉर्म कुठल्याही फ्रेमवर्कशिवाय चालवून दाखवा. कोर्स कुठे पळून जात नाहीत.