शिव्या द्यायला माणूस हवा

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या, असं संविधानाचं कलम २४३-यू सांगतं. पण प्रभागरचना, ओबीसी आरक्षण आणि कोर्टाची तारीख यांच्यापुढे कलमाचं कोण ऐकतंय? मधल्या काळात सगळा कारभार प्रशासकांकडे. देशातल्या सर्वांत श्रीमंत पालिकेचा अर्थसंकल्प आयुक्तांनी करायचा आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर करायचा. ना सभात्याग, ना राजदंडाची पळवापळव. (केवढी ही शांतता!) पंचाईत झाली ती मुंबईकरांची. गटार तुंबलं की नगरसेवकाच्या दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता येतो. प्रशासकाला शिव्या देऊन काय उपयोग? त्याला कुठे पुन्हा मतं मागायला यायचंय!