गळतीकाका

गळतीकाका गाडीत बसत नाहीत, शिरतात. आधी टॉर्च आत जातो, मग हात, मग चष्मा सावरत डोकं आणि शेवटी उरलेले काका. चपला बाहेर राहतात, कारण ओल्या गाडीत चपला घालून चढणं म्हणजे पुरावा तुडवणं. गाडीचा मालक छत्री धरून बाहेर उभा असतो. त्याला आत प्रवेश नाही. गाडी त्याची असली तरी पाणी काकांचं असतं.

आमची सोसायटी ठाण्याची. तीन विंगा, पार्किंग अपुरं, त्यामुळे निम्म्या गाड्या स्टिल्टखाली आणि निम्म्या कंपाउंडच्या कडेनं झाडांखाली. मृग लागला की झाडाखालचे आणि तरणा पाऊस सुरू झाला की स्टिल्टखालचेही काकांच्या दारात दिसू लागतात. तक्रार एकच : "काका, गाडीत वास येतोय." पाणी दिसायच्या आधी वास येतो, तेव्हा माणूस डॅशबोर्डवर लिंबाच्या सुगंधाची डबी चिकटवतो. मग काचा आतून धुरकट होतात, तेव्हा तो फडकं आणतो. पुढे एके दिवशी ऑफिसला जाताना बायको पाय उचलून सलवारीचा काठ पिळून दाखवते, तेव्हा कुठे त्याला काका आठवतात.

काका बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले. चार आण्यांचा फरक निघत नव्हता म्हणून त्यांनी एका शाखेला रात्री दहापर्यंत बसवून ठेवलं होतं असं काकू सांगतात. मॅनेजर बिचारे खिशातून चार आणे काढून द्यायला तयार होते. काकांनी घेतले नाहीत. फरक भरून काढायचा नव्हता, सापडायचा होता. एवढं लक्षात ठेवलं की काकांचं सिलिकॉनशी असलेलं वैर समजायला सोपं जातं.

कारण सोसायटीत दुसरा पंथही आहे आणि त्याचे प्रमुख आहेत आमचे सेक्रेटरी. गाडी गळते? सिलिकॉनची नळी आणा, जिथे फट दिसेल तिथे भरा, वरून बोट फिरवा, विषय संपला. सेक्रेटरींनी एका रविवारी स्वतःची अख्खी गाडी अशी लिंपून काढली आणि पुढचे दोन महिने ती कोरडी असल्याचं भेटेल त्याला सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. "पाणी आत कुठून येतं ते कळलं का?" एवढंच विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "कळायचंय कशाला?" त्या दिवसापासून काका त्यांना नमस्कार करतात, बोलत नाहीत.

काकांची तपासणी प्रश्नांनी सुरू होते. ओल कुठे, डावीकडे की उजवीकडे? पाणी स्वच्छ की गढूळ? पाऊस पडतो तेव्हाच की कोरड्या दिवशीही? रात्री गाडी कुठे तोंड करून उभी होती, उताराला की चढाला? शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात. पण वायपरखालून शिरलेलं पाणी गाडी नाकावर उभी असेल तर पुढच्या पायांत उतरतं आणि चढावर असेल तर कार्पेटखालच्या नमद्यातून झिरपत मागच्या सीटखाली जाऊन बसतं. ओल जिथे दिसते तिथे भोक असेलच असं नाही, हे काका प्रत्येक मालकाला नव्यानं सांगतात, आणि प्रत्येक मालक तरीही ओल्या जागेकडेच बोट दाखवत राहतो.

मग काका पायाशी बोट बुडवतात आणि नाकाशी नेतात. चव घेत नाहीत. कूलंट वासाला गोडसर, हाताला बुळबुळीत आणि विषारी असतो. तसं काही असेल तर हीटरचा रेडिएटर फुटलाय, काच आतून चिकट धुक्यानं भरत असणारच, सरळ मेकॅनिककडे जा. साधं पाणी असेल आणि ते डाव्या बाजूला असेल, तर काका गाडीत न बघता गाडीखाली बघतात. जुलैच्या दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली टपटप थेंब पडलेच पाहिजेत. पडत नसतील तर ते आत पडताहेत. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून एसीचं पाणी बाहेर सोडणारी बोटभर रबरी नळी असते. तिच्या तोंडाशी चिखल साठतो, कधी कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. इंजिन थंड झाल्यावर काका खाली पोतं अंथरून उताणे झोपतात, नायलॉनची जाड दोरी आत सारतात, आणि मातीचा बोळा सुटून साठलेलं पाणी भसकन बाही भिजवून जातं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते निवृत्तीच्या निरोप समारंभाच्या फोटोतही नाही. दोरी गवत कापायच्या मशीनची असते, माळ्याकडून मागून आणलेली. दाबाची हवा मारायला ते कुणाला देत नाहीत. आतला सांधा सुटला की पाणी जायला नळीच उरत नाही, हे त्यांनी सर्व्हिसिंगवाल्या पोरांना इतक्यांदा ऐकवलंय की ती पोरं काका दिसले की कॉम्प्रेसर बंद करतात.

पण हा झाला निसर्गाचा दोष. काकांना खरा रस आहे तो माणसाच्या दोषात. त्यांचं मत असं की कारखान्यातून निघालेली गाडी सहसा गळत नाही. ती गळते ती नंतर कुणीतरी काहीतरी उघडलं म्हणून. त्यामुळे झाडाचा पाला आणि चिखल यांना निर्दोष सोडलं की ते एकच प्रश्न विचारतात, "हे कुणी उघडलं होतं?" आणि इथून तपास पाण्याकडून घरगुती इतिहासाकडे वळतो.

सी विंगमधल्या एका पोराच्या गाडीत मागे डाव्या बाजूला तळं व्हायचं. काकांनी दाराचं आतलं पॅनेल काढायला लावलं. दाराच्या आत पाऊस पडतोच, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काच खालीवर करायला जी फट ठेवलेली असते तिच्यातून पाणी दारात उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. तशीच योजना असते. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून पॅनेलमागे प्लॅस्टिकचा कागद काळ्या डिंकानं चिकटवलेला असतो. इथे तो कागद मधोमध गोल फाडला होता आणि त्या गोलात एक दणदणीत स्पीकर बसला होता. "हे कुणी उघडलं होतं?" पोरगा म्हणाला, "कंपनीकडूनच असं आलंय." मागे त्याचे वडील उभे होते. क्लासच्या फीचे म्हणून नेलेले पैसे कुठे गेले, हा प्रश्न त्यांना तिथल्या तिथे सुटला असावा. काकांनी नवा कागद कापला, डिंकाची वळी कडेनं दाबली आणि बापलेकांच्या संवादात न पडता निघून आले. जाताना म्हणाले, "तो माझा विषय नाही."

हे वाक्य काका पाळतात. कार्पेट उचललं की खाली काय काय सापडतं! कानातलं, टोलची पावती, घरात बंदी असलेल्या गुटख्याची पुडी, लोणावळ्याच्या हॉटेलचं बिल. काका सगळं एका वर्तमानपत्रावर मांडून ठेवतात, वाळवतात आणि मालकाच्या हातात देतात. कुणाला काही बोलत नाहीत. मात्र त्यातलं काही पाण्याच्या आड आलं तर मग दयामाया नाही.

पुढच्या काचेचं प्रकरण असंच झालं. ए विंगमधल्या एका गृहस्थांच्या गाडीत काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब यायचा, नेमका त्यांच्या पत्नीच्या मांडीवर. काका आत बसले, काचा बंद, पंखा पूर्ण वेगात, बाहेरची हवा आत घ्यायचा खटका चालू. केबिनमध्ये हवा दाटली. बाहेरून मालकानं काचेच्या कडेला साबणाचं पाणी फवारलं आणि कोपऱ्यात बुडबुडे वर येऊ लागले. काका बाहेर आले. "काच कधी बदलली?" गृहस्थ म्हणाले, "बदललीच नाही." आता प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचा छाप असतो आणि बहुधा तयार झाल्याचं साल-महिना सांगणारी खूणही असते. काकांनी टॉर्च धरून दारांच्या काचा दाखवल्या, मग पुढची. छाप निराळा, खूण दोन वर्षं पुढची. गृहस्थ गप्प. मग त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी तुम्ही नाशिकहून एक दिवस उशिरा आलात, ते मीटिंग लांबली म्हणून ना?" काका साबणाचं पाणी पुसत होते. "घाईत चिकटवलेली दिसते. मसाला सुकायच्या आत गाडी हलवली असेल. काढून नव्यानं लावा." "नाही हो काका," त्या म्हणाल्या, "पाणी दुसरीकडेच मुरत होतं."

डिकीची गळती मात्र काका कुणावर सोपवत नाहीत. तिथे ते स्वतः आत जातात. मागची सीट पाडलेली, सांध्यांवर काकूंची टाल्कम पावडर भुरभुरलेली, कारण पाणी आलं की पावडरवर त्याची वाट उमटते. अडुसष्ट वर्षांचे काका गुडघे छातीशी घेऊन स्टेपनीच्या जागेवर आडवे, तोंडात टॉर्च. बाहेर वॉचमन नळी घेऊन. त्याला आज्ञा अशी : धार नको, संथ पाणी, आणि खालून वर. आधी बंपरच्या रेषेला, मग टेललॅम्प, मग डिकीचं रबर, शेवटी छत. एकदम वरून ओतलं की पाणी सगळीकडे पसरतं आणि कुणावरच काही सिद्ध होत नाही. एकदा टेललॅम्पपर्यंत आल्यावर फाटकावर कुरियरवाला आला, वॉचमन नळी तशीच टेललॅम्पवर टेकवून सही घ्यायला गेला आणि तिकडेच गप्पांत रमला. दूध आणायला निघालेल्या एका आजींना बंद गाडीतून "थांब, हलवू नकोस! येतंय, येतंय!" असं ऐकू आलं. त्यांनी सोसायटीभर आरडाओरडा केला. डिकी उघडली तेव्हा काका पावडरनं पांढरे झालेले आणि अतिशय प्रसन्न होते. "डावा टेललॅम्प. मागचं पॅकिंग दबलंय," ते म्हणाले, आणि वॉचमनला त्याच्या हलगर्जीपणाबद्दल वीस रुपये बक्षीस मिळालं. त्या गाडीला मागून ठोकर बसली होती आणि दिवा बाहेरून बदलला होता, हे ओघानं आलंच.

सनरूफवाल्यांकडे काका जरा करुणेनं बघतात. ज्या शहरात चार महिने पाऊस आणि चार महिने ऊन, तिथे छताला खिडकी पाडून घ्यायची आणि तीतून पोरांनी मान बाहेर काढायची, ही हौस त्यांना कळत नाही. पण सनरूफची काच थोडं पाणी आत घेतेच आणि ते गोळा करायला कडेनं कौलारू घरासारखी पन्हाळ असते, पन्हाळीला सहसा चार कोपऱ्यांत चार नळ्या, हे ते न चिडता समजावतात. नळ्या तुंबल्या की पाणी छताच्या कापडातून डोक्यावर. वर्षातून एकदा तांब्याभर पाणी पन्हाळीत हळूच ओतायचं आणि चाकांपाशी उतरतं का बघायचं, बस.

पुराला ते गळतीत धरत नाहीत. २६ जुलै २००५ चा विषय निघाला की ते हात झटकतात. "सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर! त्यात शोधायचं काय? तो पूर." मात्र पूर लपवला तर तो त्यांच्या कक्षेत येतो, आणि इथेच भानगड झाली. बी विंगच्या एका बाईंनी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं आणि काकांना नेलं. गाडी चकाचक, सीटकव्हर नवे. काकांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. नेहमी आत गुंडाळलेल्या टोकाशी चिखलाची आडवी रेघ होती. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीखाली बारीक गाळ. "पाणी इथपर्यंत आलं होतं," काका स्वतःच्या पोटरीला हात लावून म्हणाले. व्यवहार मोडला. गाडी सेक्रेटरींच्या मेहुण्याची होती.

आठवडाभरात नोटीस लागली : पाण्याची बचत व्हावी यासाठी आवारात नळी लावून गाड्यांवर पाणी मारण्यास सक्त मनाई आहे. खाली सेक्रेटरींची सही. बाहेर तेव्हा म्हातारा पाऊस दोन दिवस न थांबता कोसळत होता. काकांनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली. "नळी म्हटलंय," ते म्हणाले. "झारीचा उल्लेख नाही." वर जाऊन तुळशीची झारी मागितली. काकू म्हणाल्या, "न्या, पण तोटीत दोरी घालू नका."

ऑगस्टमध्ये एका रात्री अकराच्या सुमारास सेक्रेटरी काकांच्या दारात उभे राहिले. वास नव्हता, ओल नव्हती. पण ब्रेक मारला की डाव्या दारातून खळखळ आवाज यायचा. काका चपला सरकवून खाली गेले. झारी नेली नाही. दार उघडून दोनदा हलवलं, कान लावला, मग खाली वाकून दाराच्या तळाची कड बोटानं चाचपली. पाणी बाहेर जायची तिन्ही भोकं सिलिकॉननं बुजवलेली होती, वरून बोटही फिरवलेलं. काकांनी नायलॉनची दोरी टोचली. पाणी आलं ते बादलीभर, गंजानं तांबूस झालेलं, दोघांच्याही पायांवरून वाहत गेलं.

"हे कुणी बंद केलं होतं?" काकांनी विचारलं.

"मेकॅनिकनं," सेक्रेटरी म्हणाले.

"तो माझा विषय नाही," काका म्हणाले आणि दुसऱ्या दाराकडे वळले.